मध्यंतरात गेला

आडवा गेला त्या संध्याकाळी नाट्यगृहात हजर असलेली तीन-साडेतीन हजार माणसं मला आजवर भेटली आहेत. नाट्यगृहात खुर्च्या पाचशेच्या आत. त्यातही शेवटच्या रांगेच्या स्प्रिंगा वर आलेल्या, तिथे शहाणा माणूस बसत नाही. तेव्हा बाकीचे लोक एकमेकांच्या मांडीवर बसले असावेत, असं मी धरून चालतो.

उभा-आडवा ही जोडी. उभा उंच आणि किडकिडीत, आडवा बुटका आणि गोल. खरी नावं त्यांच्या पोस्टमनलाही आठवत नसत. दोघांनी मिळून आयुष्यभर लोकांना हसवलं. आडवा वाक्यं टाकायचा, उभा ती अंगावर घ्यायचा. वाक्यं कधीकधी मी लिहिलेली असत, पण ती माझी आहेत असं आडव्याने कुठे सांगितलं नाही आणि पडली तेव्हा मीही सांगितलं नाही.

आता ती सुप्रसिद्ध गोष्ट. पहिला अंक संपला. आडवा आत जाऊन मेकअपच्या खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या गेला. उभ्याने डोळे पुसले, तिसऱ्या घंटेला एकटाच बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "मंडळी, तो गेला." लोकांना वाटलं, हाही विनोदच. नाट्यगृह हसून फुटलं. मग आत मित्राचं शव आणि बाहेर उभा, असा दुसरा अंक रंगला. म्हणे दोघांच्या उभ्या कारकिर्दीत असा हशा झाला नव्हता.

ही गोष्ट सांगताना प्रत्येक जण पदरचं थोडं घालतो. बँकेतल्या एका कॅशियरने उभ्याच्या गालावरून ओघळलेला थेंब सतराव्या रांगेतून पाहिला होता. माझ्या दातांच्या डॉक्टरने तर मध्यंतरात आत धावत जाऊन आडव्याची नाडी स्वतः पाहिली होती. माझ्या तोंडात त्या वेळी दोन नळ्या आणि त्याचा हात होता, म्हणून मी काही बोललो नाही.

मी स्वतः तेव्हा परदेशात मुलीकडे, गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला गेलो होतो. परत आलो तोवर गोष्ट सिमेंटसारखी घट्ट झालेली. आडव्याच्या बायकोला जाऊन विचारावं, की वहिनी, तो नक्की कसा गेला, असं काही कोणी करत नाही. मीही केलं नाही.

तर मागच्या महिन्यात संपादकांचा फोन आला. संपादक माझ्यासारखेच निवृत्त, फक्त त्यांना ते कोणी कळवलेलं नाही. आडवा गेल्याची बातमी त्यांच्याच सहीने छापून आली होती. मथळा, 'हसवता हसवता गेला'. त्या एका मथळ्यावर त्यांना दोन सत्कार मिळाले, आणि आता ते आडव्याच्या स्मारक समितीचे अध्यक्ष आहेत.

"नाट्यगृहात दगड बसवतोय," ते म्हणाले. "संगमरवरी. त्यावर दोन ओळी हव्यात, तुमच्या हातच्या. फक्त विनोदी नकोत."

"आडव्यावर आणि विनोदी नकोत?"

"स्मारक आहे हो ते!"

त्यांनी आडवा गेल्याची तारीख दिली. मी ती कागदावर लिहिली आणि तिच्याकडे पाहत बसलो. जन्मभर मी मोठ्या माणसांची टर उडवून पोट भरलं, आणि त्या धंद्यात एक गोष्ट शिकलो. टर कितीही उडवा, तारीख चुकली की तेवढ्यावरून समोरचा सुटतो. म्हणून कागद खिशात घातला आणि वहिनींकडे गेलो.

वहिनी नोकरीभर नर्स होत्या, मोठ्या हॉस्पिटलातल्या मोठ्या वॉर्डाच्या सिस्टर. आडवा कधीकाळी स्टेजवरून पडून पाय मोडून घेऊन तिथे गेला आणि बरा होऊन लग्न ठरवूनच बाहेर आला. घर दोन खोल्यांचं. त्या घरात मोडलेली वस्तू टाकत नाहीत, तिला जखमेवर लावायची ती पांढरी चिकटपट्टी लावतात. चष्म्याच्या काडीला पट्टी, टीव्हीच्या रिमोटला पट्टी, दारावरच्या बेलचं बटण पट्टीने धरलेलं. आडवा स्टेजवर सांगायचा, "आमच्या घरी संसार मोडत नाही. मोडला की ही पट्टी मारते."

वहिनींनी माझा कागद वाचला. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचला.

"ही तारीख कोणी दिली, भाऊजी?"

"संपादकांनी."

"या तारखेला तो जेवला."

मी कागदावरची तारीख पुन्हा पाहिली.

"पोटभर जेवला. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. मेलेला माणूस मीठ मागतो का?"

"म्हणजे मध्यंतरात तो…"

"घरी आला होता!" त्यांनी कागद टेबलावर आपटला. "चालत! स्वतःच्या पायांनी! आणि पुढे आठवडाभर इथे होता. इथे, तुम्ही बसलायत त्या खुर्चीवर. विचारा तुमच्या संपादकाला, मेलेला माणूस आठवडाभर माझ्या घरात काय करत होता?"

मी त्या खुर्चीत जरा सावरून बसलो. वहिनी उठल्या, पाणी प्यायल्या, मला द्यायला विसरल्या. मग न बसताच सांगायला लागल्या.

"त्या दिवशी मी रिटायर झाले. सकाळी शेवटचा युनिफॉर्म घालत होते. हा आरशासमोर दाढी करत होता. मी आपली हळूच म्हटलं, त्याला म्हटलं असंही नाही, 'आता मला सिस्टर कोण म्हणणार?' हा काही बोलला नाही. गालाला साबण होता. मी डोळे पुसले, ड्यूटीवर गेले. हार, भाषणं, भिंतीवरचं घड्याळ, सगळं झालं. संध्याकाळी याचा प्रयोग. मी याच्या प्रयोगांना जायचं कधीच बंद केलं होतं. निम्मे विनोद माझ्यावर असायचे, ते घरी फुकट ऐकायला मिळत. पण त्या दिवशी वाटलं, रिकामं घर नको. गेले, आणि शेवटच्या रांगेत बसले."

"स्प्रिंगा आहेत तिथे."

"माझ्यावर विनोद व्हायला लागले की पुढच्या लोकांनी वळून बघू नये म्हणून. याला माहीत नव्हतं मी आलेय ते. आला स्टेजवर आणि म्हणाला, 'मंडळी, आमच्या मंडळी आज रिटायर झाल्या. उद्यापासून चोवीस तास ड्यूटी आणि वॉर्डात पेशंट एकच.' ठीक आहे. हे मी चालवून घेतलं असतं. मग त्याने माझा आवाज काढला, भाऊजी. मान अशी खाली घातली, पदराने डोळे पुसल्यासारखं केलं आणि म्हणाला," वहिनी थांबल्या, "'आता मला सिस्टर कोण म्हणणार?'"

"आणि लोक?"

"लोटपोट."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. वहिनींनी खिडकी लावून घेतली.

"मी उठले. त्या मेल्या स्प्रिंगेचा केवढा आवाज झाला. त्याने वर पाहिलं. मला बघितलं. मी चालत घरी आले. चप्पल काढतेय न काढतेय तोवर मध्यंतर झालं असणार, कारण हा दारात. तोंडाला रंग, डोक्यावर ती मूर्ख टोपी. भरलं नाट्यगृह सोडून आला. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, 'सिस्टर, आत येऊ का?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, भेटायची वेळ संपली." वहिनी हसल्या नाहीत. "तरी आला. आणि मग आठवडाभर माझ्या मागे. सिस्टर, चहा मिळेल का? सिस्टर, ताप बघता का? सिस्टर, डिस्चार्ज कधी? पहिले दोन दिवस मी बोललेच नाही. डोकंच फिरलं होतं माझं. तिसऱ्या दिवशी चुकून हसले. मग तर काय! प्रयोग बंद, बाहेर जाणं बंद. माणूस पूर्णवेळ घरात. लग्न झाल्यापासून असं नव्हतं झालं. एका दुपारी आतून हाक आली, 'सिस्टर.' मला वाटलं, नेहमीचंच. मी म्हटलं, थांब, दूध वर येतंय. गॅस बंद करून गेले. तर चेहरा निराळा. मी नाडी धरली. मी धरली, भाऊजी, माझ्या या बोटांनी. ती थांबेपर्यंत हात सोडला नाही. आणि परवा तो दातांचा डॉक्टर मला सांगतो, काळजी करू नका, शेवटी मी जवळ होतो!"

"तुम्ही संपादकांना तेव्हाच सांगायचं होतं."

"सांगितलं नाही होय? फोन केला. म्हणाले, 'वहिनी, दुःखात तारखांचा घोळ होतो माणसाचा.' मला! जन्मभर लोकांच्या मरणाच्या वेळा लिहिल्या मी, मिनिटासकट. एक चुकली नाही. आणि स्वतःच्या नवऱ्याची चुकेल?" त्यांनी कागद उचलून माझ्यापुढे धरला. "सगळा संसार याने लोकांना वाटून टाकला, माझ्या आवाजासकट. माझे म्हणावेत असे तेवढेच दिवस मिळाले. तेही हे खाऊन बसलेत. पेपर रद्दीत जातो, म्हणून मी गप्प बसले. दगड रद्दीत जात नाही. हे कोरलंत ना, तर मी तुमच्या घरी येऊन तुमचा दुसरा गुडघा मोडीन."

त्या नर्स असल्यामुळे कुठे मारायचं हे त्यांना नीट माहीत होतं. मी कागद परत घेतला.

तिथून उभ्याकडे गेलो. आडवा गेल्यापासून उभा एकटाच कार्यक्रम करतो. क्लबात, ऑफिसांत, शाळांच्या स्नेहसंमेलनात तो 'त्या' संध्याकाळची गोष्ट सांगतो. शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवतो. शेवटी खुर्चीला नमस्कार करतो आणि बायका रडतात. खुर्ची त्याच्या घरातच होती, प्लास्टिकच्या खोळीत. उभा गुळण्या करत होता.

"ये, लेखकमहाराज. दगडासाठी आलास ना? माझंही नाव टाक कोपऱ्यात, बारीक."

"उभ्या, आडवा कधी गेला?"

"मध्यंतरात." हे त्याने गुळणी न थुंकताही म्हटलं असतं, इतकं पाठ.

"कुठे?"

पुढच्या गुळणीसाठी घेतलेला घोट उभ्याने थुंकला. नळ बंद केला. तोंड पुसलं. इतक्या वर्षांत हा दुसरा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा.

"वहिनींकडे जाऊन आलास तू," तो म्हणाला.

"कुठे गेला, उभ्या?"

"घरी गेला! घरी!" त्याने टॉवेल खुर्चीवर फेकला. "मी विंगेत उभा. तिसरी घंटा व्हायची. हा टोपीसकट मागच्या दाराकडे निघाला. मी म्हटलं, अरे, कुठे? तर म्हणतो, 'मी जातो रे.' जातो! काय भाजी आणायला जातोस? बाहेर भरलेलं नाट्यगृह बसलंय, पुढचं प्रत्येक वाक्य याचं, आणि मी आपला समोर उभा राहून ते अंगावर घेणारा. भिंतीला चेंडू टाकणाराच निघून गेला तर भिंतीने करायचं काय?"

"तू काय केलंस?"

"बाहेर येऊन खरं ते सांगितलं. मंडळी, तो गेला. हसले. मी म्हटलं, हसताय काय, खरंच गेला. आणखी हसले. मी म्हटलं, मला न सांगता गेला, आता परत यायचा नाही. खुर्च्या मोडायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. मग मी रागाने त्याचीही वाक्यं मीच म्हटली. तो हशा… तसा हशा आम्हा दोघांना मिळून कधी मिळाला नव्हता."

"आणि पेपरात?"

"आठवड्याने तो खरंच गेला. संपादकाचा फोन आला. 'शेवटच्या प्रयोगाबद्दल सांगा.' मी म्हटलं, 'शेवटच्या प्रयोगात तो मध्यंतरातच गेला.' त्याने 'अरेरे' म्हटलं आणि फोन ठेवला. पुढचं वाक्य ऐकलंच नाही."

"पुढचं वाक्य काय होतं?"

"शिवी होती."

मला खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. पण डोक्यात तिडीक गेली. एका शब्दावर सगळा डोलारा. आपल्या भाषेत माणूस भाजी आणायलाही जातो आणि कायमचाही जातो. कुठे, एवढं विचारायचं काम पेपरवाल्याचं. तेवढं केलं असतं तर मला दातांच्या डॉक्टरकडे गप्प बसावं लागलं नसतं.

"दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं होतंस, की चूक आहे म्हणून."

"दुसऱ्या दिवशी लोक माझ्या गळ्यात पडून रडत होते. त्यांना सांगू, तो मला टाकून गेला म्हणून?"

"वहिनींचा आठवडा तू आणि संपादकांनी मिळून गिळलात."

उभा खिडकीकडे गेला. माझ्याकडे पाठ करून बोलला. "त्या आठवड्यात तो रोज फोन करायचा. सकाळ, संध्याकाळ. मी उचलला नाही. म्हटलं, कुजू दे जरा. कळू दे एकटं पडलं की कसं वाटतं. एकदाही उचलला नाही." मग वळला, आणि इतका संतापलेला उभा मी स्टेजवरही पाहिला नव्हता. "तो मध्यंतरात मेला ना, तर तो आठवडा नाहीच. फोन वाजलाच नाही. कळलं? आता जा, आणि कोर काय कोरायचं ते."

समितीची बैठक संपादकांच्या दिवाणखान्यात होती. भिंतीवर संपादक वेगवेगळ्या मोठ्या माणसांशी हस्तांदोलन करत होते. समितीत आणखी दोघे होते, ते संपादक मान हलवतील तशी हलवत. मी वहिनींनी आणि उभ्याने सांगितलं ते सगळं सांगितलं. उभ्याच्या फोनचं सोडून.

"बरं," संपादक म्हणाले. "पण लोकांच्या मनात एक प्रतिमा आहे."

"चुकीची आहे."

"प्रतिमा चुकीची कशी असेल? ती प्रतिमा आहे."

"साहेब, तुमची बातमी प्रयोगानंतर आठवड्याने आली. माणूस त्याच संध्याकाळी गेला असेल तर आठवडा कुठे होती बातमी?"

"तेव्हा पानात जागा नसेल."

दोघा सदस्यांनी मान हलवली. जागेची अडचण त्यांना पटली.

"आणि हे बघा," संपादक जरा चिडले, "माणूस घरी गेला, जेवला, आठवड्याने अंथरुणात वारला, याचा दगड आम्ही नाट्यगृहात का लावायचा? मग त्यांच्या स्वयंपाकघरात लावा!"

माझं वय झालं आहे आणि डॉक्टरने रक्तदाब सांभाळायला सांगितलं आहे. मी भिंतीवरची हस्तांदोलनं मोजली. मग खिशातून पेन काढलं आणि कागदावर एक ओळ लिहिली. 'येथून, मध्यंतरात, तो घरी गेला.' तारीख घातली नाही. यात खोटं काही नव्हतं आणि वहिनींना हवं ते होतं.

संपादकांनी ओळ वाचली आणि डोळे मिटले.

"वा! 'घरी'! काय सूचक आहे."

"सूचक काही नाही. घरी म्हणजे घरी."

"हाच तुमचा मोठेपणा," ते म्हणाले, आणि ओळ मंजूर झाली.

मी वहिनींना फोनवर ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, गुडघा वाचला तुमचा."

अनावरण नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात होतं. दगड तिकीट खिडकीच्या वर, चांगला उंच बसवलेला. खाली साठ-सत्तर माणसं. वहिनी पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर धरून. शेजारी उभा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. संपादकांनी भाषणात मृत्यूवर मात करणाऱ्या हास्याबद्दल बरंच सांगितलं आणि दोरी ओढली. पडदा अडकला. पुन्हा ओढली. पडदा आला.

'येथून, मध्यंतरात, तो देवाघरी गेला.' खाली तारीख. तीच, प्रयोगाची.

टाळ्या झाल्या. मी संपादकांजवळ गेलो. माझा आवाज फाटला होता. "हे काय केलंत?"

"एकच लहानसा शब्द वाढवला," ते कुजबुजले. "सामान्य माणसाला कळायला नको का?"

तोवर वहिनी उठल्या होत्या. टाळ्या त्यांच्यासाठीच आहेत असं वाटून लोकांनी त्या वाढवल्या. वहिनी दगडाखाली गेल्या, मान वर करून वाचलं, आणि वळल्या.

"हे खोटं आहे."

टाळ्या थांबल्या, सगळ्या एकदम नाही.

"वहिनी," संपादक माइकवर म्हणाले, "आम्हाला तुमच्या भावना समजतात…"

"भावना नाहीत या. तारीख आहे ती, आणि चुकलीय. तो इथून घरी आला. देवाघरी नंतर गेला, माझ्या घरून, आणि त्याला मी पोचवलं." त्यांनी पर्स उघडली. पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ बाहेर आलं. कात्री नाही, दात नाही. दोन बोटांनी झटका देऊन त्यांनी पट्टी तोडली, वॉर्डात तोडत असतील तशी. मग दगडाकडे पाहिलं. हात उंच केला, टाचा उचलल्या. वीतभर कमी पडत होतं.

"अहो, कोणीतरी यांना बसवा," संपादक माइकवर म्हणाले.

वहिनींनी कोणाला शिडी मागितली नाही. त्या वळल्या आणि पट्टी पहिल्या रांगेकडे धरली.

"उभ्या. तुझा हात पोचतो."

उभा बसलेलाच राहिला. स्टेजवर थांबण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आडवा वाक्य टाकायचा आणि हा असा थांबायचा की लोक थांबण्यालाच हसत. आता कोणी हसत नव्हतं. त्याचा सगळा कार्यक्रम, ती खुर्ची, ते रडणं, वहिनींच्या दोन बोटांत लोंबत होतं. त्याला ते दिसत होतं, मला दिसत होतं. वहिनींना दिसत असलं तरी त्यांना पर्वा नव्हती.

तो उठला. पट्टी घेतली. लोकांकडे वळून, रोज म्हणायचा तसाच म्हणाला, "मंडळी, तो गेला."

मागून कोणीतरी सवयीने हसलं.

"घरी गेला होता," उभा म्हणाला. "भर प्रयोगात मला टाकून, बायकोमागे. आठवडाभर जिवंत होता. माझा राग अजून गेलेला नाही. हसायचं असेल तर हसा."

आणि त्याने हात वर करून 'देवा'वर पट्टी मारली. वहिनींनी दुसरी तोडून दिली, ती तारखेवर मारली. मग खाली बघून, माइकपासून लांब, पण मी जवळच होतो, तो म्हणाला, "मी त्याचा फोन उचलला नाही."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "मी शेजारीच बसलेली असायचे. तुला शिव्या देत." मग वर बघून, "नीट दाब. कडा सुटतात."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'हृद्य सोहळा. दिवंगत कलावंताच्या पत्नीला अश्रू अनावर'. वहिनींच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. मी पेपरात फोन केला. तिकडून एक गोड आवाज म्हणाला, "आजोबा, गर्दीत दिसलं नसेल तुम्हाला." तो पट्टीचा प्रसंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले दोनशे लोक मला एवढ्यातच भेटलेत. दातांचा डॉक्टर तर म्हणतो, रीळ त्याने दिलं.

समिती दर काही दिवसांनी दगड 'स्वच्छ' करते. अशाच एका दिवशी मी वहिनींकडे होतो आणि त्यांचा फोन वाजला. आवाज एवढा मोठा ठेवतात की दारापर्यंत ऐकू येतं.

"सिस्टर, पट्टी काढलीय त्यांनी," उभा ओरडत होता.

"येते," वहिनी म्हणाल्या. पर्समध्ये रीळ आहे का ते त्यांनी चाचपलं, आणि चप्पल शोधायला लागल्या. "तू तिथेच थांब. आणि हे बघ, या वेळी रुंद पट्टी आणते."